लोड देऊन बघ

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. मधे दोन-तीन जणांनी विचारलं, "ब्लॉग बंद पडला का रे?" बंद नाही पडला, नुसता मंद झाला होता. आजचा विषयही तोच आहे, मंद झालेले दिवे. ज्यांना गाड्यांमधलं काही कळत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मलाही कळत नव्हतं. आमच्या घरातली मंडळी हे वाचतात, तेव्हा आधीच सांगतो: चूक माझी होती, ताईची अर्धी.

तर आमच्या अण्णांची गाडी. प्रीमियर पद्मिनी, १९८९ची. घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, ती "फियाट"च. मूळ बांधणी फियाट ११०० ची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची, आणि १९७४ पासून नाव पद्मिनी. पण बिल्ला बदलला म्हणून माणसांची जीभ बदलत नाही. हॅंडलचा गिअर, चोक ओढून स्टार्ट करायची, पुढे दोन गोल दिवे. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा अण्णांनी पेपरातला फोटो कापून ठेवला. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, एवढंच.

अण्णा वीज मंडळातून २००३ साली निवृत्त झाले. जन्मभर खांब, तारा, सबस्टेशन. रात्री-बेरात्री फोन यायचा आणि हे टॉर्च घेऊन बाहेर पडायचे. त्यामुळे "बाबा घरी नाहीत" आणि "लाईट गेली" ही दोन वाक्यं आमच्या लहानपणी एकत्रच यायची.

आता मुद्द्यावर येतो. २०२२च्या पावसाळ्यापासून अण्णा म्हणायला लागले, "गाडीचे दिवे मंद वाटतात." आम्ही भावंडांनी एकमेकांकडे बघितलं. वय सत्त्याहत्तर. दिवे मंद वाटतात म्हणजे काय, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागतो का? ताईने लगेच डॉक्टरांची वेळ घेतली. आणि मोतीबिंदू निघालाच, दोन्ही डोळ्यांत. डिसेंबरात एका डोळ्याचं ऑपरेशन, फेब्रुवारीत दुसऱ्याचं. दोन्ही उत्तम झाली. अण्णा पेपर वाचायला लागले, तांदळातले खडे आईच्या आधी दिसायला लागले, भिंतीचा रंग पिवळा नसून पांढरा आहे हा शोध त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितला.

आणि मार्चमध्ये फोनवर म्हणाले, "अरे, गाडीचे दिवे अजून मंदच आहेत."

इथे मी थांबायला हवं होतं. माणूस एकच तक्रार डोळ्यांच्या आधी करतोय आणि डोळे नीट झाल्यावरही करतोय, म्हणजे काय, हे साध्या तर्काने कळायला हवं होतं. मी पुण्यात दिवसभर हेच काम करतो: प्रोग्रॅम का चालत नाही ते एकेक शक्यता काढून टाकत शोधायचं. पण आपल्या वडिलांच्या बाबतीत आपला तर्क वेगळाच चालतो. मी म्हणालो, "अण्णा, नवीन डोळ्यांची सवय व्हायला वेळ लागतो."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. गाडी मागे घेऊन भिंतीपाशी लावताना भिंतीवर दिव्यांचा लाल उजेड पडतो. ते म्हणाले, "ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा इंडिकेटर पण अर्धवट पेटतो. आणि पार्किंगचा दिवा मंदावतो." मी ताईला फोन करून म्हणालो, अण्णांना आता भिंतीवर दिवे दिसायला लागलेत. दोघंही हसलो. (ताई, तू पण हसली होतीस. नाही म्हणू नकोस.)

२०२३च्या दिवाळीत मी माझ्या मते उपाय केला. दुकानात जाऊन सगळ्यात जोरदार बल्ब मागितले. १०० / ९० वॉटचा हॅलोजन जोड मिळाला. गाडीत होते ते जुने ४५ / ४० वॉटचे. म्हणजे दुप्पट उजेड! नरक चतुर्दशीच्या संध्याकाळी बसवले, अंगणात लख्ख प्रकाश पडला, आई म्हणाली, "अगदी एसटीसारखे वाटतात." अण्णांनी एकदा दिव्यांकडे पाहिलं, एकदा बल्बच्या खोक्यावर लिहिलेले आकडे वाचले आणि म्हणाले, "तारा तेवढ्याच आहेत ना रे?" मी म्हणालो, काही होत नाही. भाऊबीज आटोपून पुण्याला निघून आलो.

डिसेंबरात मेढ्याला आमच्याकडचं एक लग्न होतं. अण्णा आणि आई दोघंच गाडीने गेले. साताऱ्याहून मेढा तसं काही लांब नाही, पंचवीस किलोमीटरच्या आत. पण लग्नघर म्हणजे निघता निघता अंधार झाला. परत येताना अर्ध्या वाटेत आधी जळका वास आला आणि मग डिप्पर गेला. दोन्ही बाजूंचा, एकदम. अप्पर चालू होता. आता रस्ता दोन पदरी, वळणांचा, समोरून गाड्या. अप्पर लावून चालवावं तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अण्णांनी काय करावं? समोरून गाडी आली की रस्त्याच्या कडेला घ्यायची, दिवे घालवून नुसतं पार्किंग ठेवायचं, ती गाडी गेली की पुन्हा अप्पर लावून निघायचं. प्रत्येक गाडीला. उरलेल्या चौदा किलोमीटरला त्यांना दीड तास लागला. आई मागच्या सीटवर आहेराच्या पिशव्या धरून बसली होती.

त्या रात्री मी फोन केला होता. "पोचलात का नीट?"

"पोचलो. ठीक."

ही सगळी हकिगत मला आठवड्याने आईकडून कळली, तीही चिवड्याचं विचारायला फोन केला तेव्हा, ओघात.

जानेवारीत चार दिवस सुट्टी काढून गेलो. मल्टिमीटर बरोबर घेतला. तोपर्यंत तिथल्या गॅरेजवाल्यांनी स्विच उघडून, कॉन्टॅक्ट घासून, जुने ४५ / ४० चे बल्ब परत टाकून डिप्पर चालू करून दिला होता. मी बसवलेले बल्ब आईने कागदात गुंडाळून कपाटात ठेवले होते. दिलेली वस्तू ती टाकत नाही.

सकाळी गाडी अंगणात काढली. अण्णा खुर्ची घेऊन शेजारी बसले. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही आता. मी बॉनेट उघडलं, डाव्या दिव्याचा कपलर बल्बवरून ओढून काढला, दिवे चालू केले आणि कपलरमध्ये मल्टिमीटरच्या सुया घातल्या. १२.६ व्होल्ट. बॅटरीवर बघितलं, तिथेही १२.६. सगळं जागच्या जागी पोचतंय. मी मीटर त्यांच्यासमोर धरला आणि म्हणालो, "बघा अण्णा. पूर्ण व्होल्टेज आहे. गाडीत काही दोष नाही."

म्हणजे दोष कोणात आहे, हे बोललो नाही. पण ते ऐकू गेलं असणार.

अण्णांनी मीटरकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "लोड देऊन बघ."

"म्हणजे?"

"बल्ब काढून मोजलंस ना? मग करंट कुठे वाहतोय? करंट वाहत नसेल तर सडकी तारसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. बल्ब लाव, पेटव, आणि पेटलेला असताना मोज."

आणि मग त्यांनी मला त्यांच्या नोकरीतली गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात कधी विचारली नव्हती. गावाच्या शेवटच्या टोकाच्या घरातून तक्रार यायची, ट्यूब लागत नाही. दिवसा जाऊन मोजलं की २३० व्होल्ट. तक्रार खोटी, असा शेरा मारून माणसं परत यायची. अण्णा संध्याकाळी जायचे, शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू असताना. तेव्हा त्याच घरात १७० भरायचे. "तो खोटं बोलत नव्हता," अण्णा म्हणाले. "आपण चुकीच्या वेळी मोजत होतो."

मी बल्ब लावला. इंजिन चालू केलं, डिप्पर पेटवला आणि कपलरच्या मागून सुया घालून पुन्हा मोजलं. बॅटरीवर १३.९, बल्बवर १०.८.

तीन व्होल्टच्या वर वाटेतच गायब! तीन व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. पण तापलेल्या तारेच्या बल्बचं गणित सरळ नसतं. व्होल्टेज पाचवा हिस्सा कमी झालं की उजेड निम्म्याहून खाली येतो. म्हणजे दीड वर्षं अण्णा निम्म्या उजेडात गाडी चालवत होते, आणि आम्ही त्यांना डोळ्यांत थेंब घालायची आठवण करत होतो.

आता गायब कुठे होतात ते शोधायचं. हे फार सोपं आहे, आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी जरूर करून बघावं. दिवा पेटलेला ठेवायचा. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या प्लसवर. दोन्ही टोकं एकाच तारेची, म्हणजे तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आमच्याकडे १.९ आलं. मग एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बल्बच्या अर्थवर. तिथेही शून्याच्या आसपास हवं. १.२ आलं. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या बेरीज केली: "दहा पॉइंट आठ, एक पॉइंट नऊ, एक पॉइंट दोन. तेरा पॉइंट नऊ. हिशेब जुळला."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बऱ्याच वर्षांनी बघत होतो.

आधी अर्थ. गाडीत परतीची वेगळी तार बॅटरीपर्यंत नसते. दिव्यात गेलेला करंट गाडीच्या पत्र्यातूनच परत जातो. दिव्याची छोटी काळी वायर जवळच एका स्क्रूने पत्र्याला आवळलेली असते, आणि सगळा कारभार त्या स्क्रूवर चालतो. पस्तीस वर्षांचा साताऱ्याचा पाऊस त्या स्क्रूने पाहिला होता. फिरवला तर डोकं हातात आलं. खाली गंज आणि पांढरट-हिरवट भुकटी. अण्णा म्हणाले, "दिव्याला अर्थच लागत नव्हता रे." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन टर्मिनल, नवीन स्क्रू, वरून व्हॅसलीन. शिवाय दोन्ही दिव्यांच्या अर्थपासून एक जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला.

मागचं प्रकरणही हेच निघालं. डाव्या बाजूच्या मागच्या दिव्यांचा अर्थ एकच, आणि तो गेलेला. ब्रेक दाबला की करंट आत येतो, पण परतीची वाट बंद. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या आणि पार्किंगच्या बल्बमधून उलटा शिरून दुसरीकडून वाट काढतो. म्हणून इंडिकेटर अर्धवट पेटतो आणि पार्किंग मंदावतं. भिंतीवर दिवे दिसत होते ते खरोखर होते. अण्णांनी निदानच सांगितलं होतं, आम्ही त्याला लक्षण समजलो. अर्थ घासला, ब्रेक दाबला, भिंतीवर फक्त ब्रेकचे दिवे.

राहिलं प्लसचं १.९. ते स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये जात होतं. या गाडीत दिव्यांचा सगळा करंट त्या छोट्याशा स्विचमधूनच जातो. जुन्या ४० वॉटच्या डिप्परला दोन्ही मिळून सात अँपियरच्या आतबाहेर. मी बसवलेल्या ९० वॉटच्या डिप्परला पंधरा. तेवढ्याच तारा, तेवढाच स्विच. स्विच उघडला तेव्हा आतलं प्लॅस्टिक एका बाजूला मेणासारखं ओघळलेलं होतं. मी ते हातात धरून बराच वेळ बघत राहिलो. मेढ्याच्या रस्त्यावरचा जळका वास तो हाच. मी दिलेली दिवाळीची भेट.

"तारा तेवढ्याच आहेत ना रे," हे त्यांनी विचारलं होतं. मग आग्रहाने नको का म्हणाले नाहीत? मी विचारलं. अण्णा म्हणाले, "तू एवढा हौसेने आणलास."

नवीन स्विच आणला आणि गॅरेजवाल्यांच्या मदतीने दोन रिले बसवले, एक अप्परचा, एक डिप्परचा. रिले म्हणजे अगदी अण्णांच्या सबस्टेशनचा नातू. स्विच फक्त इशारा देतो, त्याला चिमूटभर करंट लागतो. खरा करंट बॅटरीतून फ्यूजमधून जाड वायरने थेट दिव्याला जातो. बल्ब ६० / ५५ वॉटचे घेतले. संध्याकाळी पुन्हा मोजलं, अर्थातच लोड देऊन. बॅटरीवर १३.९, बल्बवर १३.५.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. मुलाचे डोळे उघडले, वडील खरे ठरले, वगैरे. पण त्या रात्री जे झालं ते सांगितल्याशिवाय लिहिणं खोटं होईल.

जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "चल, मेढ्याच्या रस्त्याला जाऊन येऊ." गाडी त्यांनी घेतली. मी शेजारी. शहराबाहेर पडलो, दिवे लावले आणि रस्ता असा उजळला की बाजूच्या झाडांचे बुंधे मोजता यावेत. अण्णा खूष. चार-पाच किलोमीटर गेलो. समोरून एक नव्या पद्धतीच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांची गाडी आली. अण्णांनी वेग एकदम कमी केला. ती गेली तरी वाढवला नाही. मग आणखी एक आली. अण्णांनी गाडी कडेला घेतली, हॅंडब्रेक ओढला, दिवे चालूच ठेवले. समोरच्या उजेडात पाखरं फिरत होती.

"दिवे आता बरोबर आहेत," ते म्हणाले.

"हो."

"समोरून गाडी आली की नंतर मला थोडा वेळ काहीच दिसत नाही. हे आधी पण होत होतं. मला वाटायचं, दिव्यांमुळे." जरा थांबून म्हणाले, "आता दिव्यांवर ढकलता येत नाही. उरलं ते माझं."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. चष्म्याचं बघू, पुन्हा डॉक्टरांना दाखवू, असं काहीतरी. पण दिवसभर ज्या माणसाचं मापन बरोबर निघालं होतं त्याच्या याच मापनावर मी शंका घेणार होतो का? मी गप्प बसलो. अण्णा उतरले, समोरून वळसा घालून या बाजूला आले. दिव्यांसमोरून जाताना क्षणभर त्यांची सावली लांबच लांब रस्त्यावर पडली. मी सरकून स्टिअरिंगवर बसलो.

घरी आल्यावर त्यांनीच आईला सांगितलं, "सूर्य मावळला की गाडी बंद. दिवसा मी, रात्री कोणी असेल तर तो." तो नियम त्यांनी स्वतः केला, आणि स्वतः पाळतात. आम्ही दीड वर्ष तोच निर्णय त्यांच्या गळी उतरवायला बघत होतो, चुकीच्या पुराव्यावर. तेव्हा त्यांनी ऐकला नाही, हे बरंच झालं.

२०२४ मध्ये गाडीची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी झाली. तपासणीत दिव्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. अण्णा सकाळी मंडईत जातात, संध्याकाळी पाचला गाडी भिंतीला लावतात, ब्रेक दाबून भिंतीकडे बघतात.

मी फोनवर "ठीक ना?" विचारायचं सोडलंय. त्याला उत्तर नेहमी १२.६ च येतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा जातो, आणि गेलो की रात्री त्यांना गाडीतून फिरवून आणतो. चालवतो मी. दिवे कधी अप्पर, कधी डिप्पर करायचे, ते मात्र शेजारून सांगतात.

असो.

ता. क. आईला हे वाचून दाखवलं. तिच्या दोन दुरुस्त्या आहेत. एक, त्या रात्री चौदा नाही, अकरा किलोमीटर राहिले होते. दोन, तिच्या मांडीवर आहेराच्या पिशव्या नव्हत्या, अण्णांचा टॉर्च होता. दर वेळी गाडी कडेला घेतली की ती खिडकीतून हात काढून तो मागच्या बाजूला दाखवत होती, मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून. हे तिने आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं, म्हणाली.